नवीन बॉडी घ्यावी का? कॅमेऱ्याचा इतिहास काय सांगतो

(आपल्या समूह रेडिओवर झालेलं हे भाषण वाचक मैत्रिणींसाठी छापत आहोत.)



आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात, त्यांत हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येतं. "मशीन आहे माझ्याकडे, पण आता नवीन मॉडेल आलंय." शिलाई मशीन असेल, शेवयांचं मशीन असेल, नाहीतर पिठाची गिरणी असेल. जुनं बंद पडलेलं नसतं, तरी नवीन हवं असतं. अशा वेळी गट अडचणीत पडतो. हो म्हणावं तर सगळ्यांच्या बचतीचा पैसा अडकतो. नाही म्हणावं तर ताईचा धंदा आपल्यामुळे मागे पडला, असं व्हायला नको.

आजच्या इतिहासाच्या भागात मी अशी एक वस्तू घेतली आहे, जिच्याबद्दल हाच प्रश्न जगभरातले लोक शंभर वर्षं विचारत आले. ती वस्तू म्हणजे कॅमेरा. मोबाइलमधला नव्हे, रोल घालायचा कॅमेरा. फोटोवाल्याकडे एक चालू कॅमेरा असायचा आणि कंपनी बाजारात नवीन बॉडी आणायची. ती घ्यावी की नको? लोकांनी काय केलं आणि त्यातून काय झालं, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणून ही गोष्ट आपल्याला हिशेब शिकवू शकते.

बॉडी म्हणजे नेमकं काय?

रोलच्या कॅमेऱ्याचे तीन भाग समजून घेऊ. पुढे काचेचं भिंग असतं, त्याला लेन्स म्हणतात. आत रोल म्हणजे फिल्म असते, तिच्यावर चित्र उमटतं. आणि या दोघांना धरून ठेवणारी जी पेटी, ती बॉडी. बॉडीची कामं मोजकीच आहेत. आत अंधार ठेवायचा. खटका दाबला की क्षणभर पडदा उघडून उजेड आत सोडायचा, त्या पडद्याला शटर म्हणतात. एक फोटो झाला की रोल पुढे सरकवायचा. आणि फोटोत काय येणार आहे ते आपल्याला बघू द्यायचं.

आता नीट विचार करा. चित्र स्वच्छ येणं हे लेन्सवर आणि फिल्मवर अवलंबून आहे. तीच लेन्स, तोच रोल, तेवढाच उजेड असेल, तर वीस वर्षं जुन्या बॉडीतून आणि कालच आणलेल्या बॉडीतून सारखाच फोटो निघतो. डिजिटल कॅमेऱ्याचं वेगळं आहे. त्यात चित्र टिपणारा भाग बॉडीतच बसवलेला असतो, म्हणून बॉडी बदलली की चित्रही बदलतं. रोलच्या कॅमेऱ्यात मात्र दर वेळी नवीन रोल घातला की चित्र टिपणारा भागच नवा होतो. कोडॅकने सुधारलेली फिल्म काढली, तर तिचा फायदा जुन्या कॅमेऱ्यालाही त्याच दिवशी मिळायचा.

मग नवीन बॉडी कशासाठी? काम सोपं व्हावं, लवकर व्हावं, आधी जमत नव्हतं ते जमावं, यासाठी. हे कधी खरोखर झालं आणि कधी नुसतं जाहिरातीत झालं, ते पाहू.

जेव्हा नवीन घेणं फायद्याचं ठरलं

फोटोची कला १८३९ साली जगापुढे आली आणि आपल्याकडे लवकरच पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हा काचेच्या पट्टीवर ओलं रसायन लावून ती ओली असेतोच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा, अशी पद्धत होती. बाहेर जायचं तर काचा, बाटल्या आणि अंधारा तंबू बरोबर न्यावा लागायचा. लेकराबाळांची बाई हे कधी करणार?

१८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा काढला. त्यात शंभर फोटोंचा रोल आधीच घातलेला असे. किंमत २५ डॉलर. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १० डॉलर घेऊन कंपनी फोटो धुऊन द्यायची आणि नवीन रोल भरून कॅमेरा परत करायची. पुढे १९०० साली याच कंपनीने ब्राउनी नावाचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. कंपनीच्या जाहिरातींत हातात कॅमेरा घेतलेली तरुणी दिसायची. तो धंद्याचा भाग होताच, पण त्या पेटीमुळे घरातल्या बाईच्या हातात कॅमेरा आला हेही खरं.

पुढचा मोठा बदल जर्मनीत झाला. ऑस्कर बार्नाक या कारागिराने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. तो १९२५ साली लायका या नावाने बाजारात आला. कोटाच्या खिशात मावायचा आणि एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे. तिकाटणं लावून उभं राहायची गरज संपली. चालत्या रस्त्यावर, गर्दीत, बाजारात फोटो काढता येऊ लागले.

या तिन्ही वेळी नव्या पेटीने एक अडलेलं काम सोडवलं. आधी जे होतच नव्हतं ते होऊ लागलं. ही पहिली खूण लक्षात ठेवा.

होमाईबाईंचे दोन कॅमेरे

आता एका बाईंची गोष्ट. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ साली नवसारीला, पारशी कुटुंबात. वडील नाटक मंडळीत काम करायचे. शिक्षण मुंबईत झालं, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही त्या शिकल्या. फोटो काढायला त्यांना माणेकशा व्यारावाला यांनी शिकवलं. पुढे दोघांचं लग्न झालं. सुरुवातीला होमाईंचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, कारण त्या अनोळखी होत्या आणि बाई होत्या. काम एकीचं, नाव दुसऱ्याचं. हे आपल्याला नवीन नाही. सातबारा कुणाच्या नावावर असतो ते आपण बघतोच.

१९४२ साली त्या दिल्लीला गेल्या आणि ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात काम करू लागल्या. साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं ओझं घेऊन त्या दिल्लीभर फिरायच्या. १९४७ साली फाळणीच्या प्रस्तावावर नेत्यांनी हात वर करून मत दिलं, तो फोटो त्यांचा. पहिल्या स्वातंत्र्यदिनाचे, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे, पंडित नेहरूंचे फोटोही त्यांनी काढले. "डालडा १३" हे त्यांचं टोपणनाव होतं.

त्यांची ओळख जोडली गेली ती मुख्यतः दोन कॅमेऱ्यांशी. एक रोलायफ्लेक्स, म्हणजे दोन डोळ्यांचा जर्मन कॅमेरा, जो १९२९ साली निघाला. तो पोटाशी धरून वरून मान खाली घालून बघायचा. एका रोलमध्ये बाराच फोटो. दुसरा स्पीड ग्राफिक, अमेरिकन वृत्तपत्रवाल्यांचा भला मोठा, जड कॅमेरा. याचं पहिलं मॉडेल १९१२ सालचं. त्यात रोलच्या जागी सुट्टी फिल्म घालायची. एका चौकटीत दोन फिल्म, एक पुढून आणि एक मागून. एक फोटो झाला की चौकट उलटवायची.

तेव्हा ३६ फोटोंचा हलका लायका बाजारात मिळत होता. पण वृत्तपत्राला मोठी, स्वच्छ निगेटिव्ह लागायची आणि हातातला कॅमेरा ते काम चोख करत होता. बारा किंवा दोनच फोटो हातात असले की माणूस वाट बघायला शिकतो. कुठे उभं राहायचं, उजेड कुठून येतो, समोरचा माणूस कधी हसेल, हे आधी ओळखावं लागतं. होमाईबाईंचं खरं भांडवल हेच होतं. नवऱ्याच्या निधनानंतर एका वर्षाने, १९७० साली, त्यांनी काम थांबवलं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत वडोदऱ्याला त्यांचं निधन झालं. त्यांचे फोटो आज देशाचा इतिहास म्हणून बघितले जातात. ते बघताना कॅमेरा कोणत्या सालचा होता, असं कोणी विचारत नाही.

पेटी तीच, भिंग बदललं

१९५० साली डेव्हिड डग्लस डंकन हे अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार जपानमध्ये होते. एका जपानी सहकाऱ्याने त्यांचा फोटो काढून दाखवला. तो इतका स्वच्छ होता की डंकन यांनी लेन्स कुणाची म्हणून चौकशी केली. ती जपानच्या निकॉन कंपनीची होती, आणि तेव्हा जपानी मालाला जगात फारसा मान नव्हता. डंकन यांनी आपल्या जुन्या लायका बॉडीवरच निकॉनच्या लेन्स बसवल्या आणि त्या घेऊन ते कोरियाच्या युद्धात गेले. त्या फोटोंमुळे निकॉनचं नाव जगभर झालं. चित्र सुधारायचं होतं तेव्हा या माणसाने काच बदलली आणि पेटी तीच ठेवली. पैसा नेमका कुठे घालायचा, हे त्याला कळत होतं.

१९५९ साली निकॉनने स्वतःची एफ नावाची बॉडी काढली. पुढे १९७१ ला एफ टू, १९८० ला एफ थ्री, १९८८ ला एफ फोर, १९९६ ला एफ फाइव्ह. दर काही वर्षांनी नवीन मॉडेल आलं. गंमत अशी की एफ फोर आली, एफ फाइव्ह आली, तरी एफ थ्री बनणं बंद झालं नाही. ती २००१ सालापर्यंत बनत राहिली, कारण गिऱ्हाईक तीच मागत होतं.

याच कंपनीची १९८२ सालची एफएम टू नावाची एक मधल्या दर्जाची बॉडी होती. तिचं शटर यंत्रावर चालायचं. बॅटरी फक्त उजेड मोजायला. बॅटरी संपली तरी फोटो निघायचा. १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो स्टीव्ह मॅककरी यांनी काढला. तो १९८५ साली 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गाजला. तो याच एफएम टू बॉडीतून निघाला होता. त्याच वेळी कंपनीची त्याहून महाग एफ थ्री बाजारात होती.

आणखी एक उदाहरण पेंटॅक्स के थाउजंडचं. हा कॅमेरा १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं, जवळजवळ तसाच विकला गेला. तीस लाखांहून जास्त नग खपले. त्यात ना काही आपोआप व्हायचं, ना काही चमकायचं. फोटो शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षक हाच घ्यायला सांगत, कारण त्यात सगळं स्वतः करावं लागायचं आणि बिघडण्यासारखं फार नव्हतं.

नवीन पेटी, पण जुनं सामान बसेना

आता दुसरी बाजू ऐका. १९८५ साली मिनोल्टा कंपनीने सात हजार नंबरचा कॅमेरा काढला. तो लेन्स स्वतःहून फिरवून चित्र स्पष्ट करायचा. याला ऑटोफोकस म्हणतात. हे काही नुसतं जाहिरातीतलं नव्हतं. खेळाच्या मैदानावर पळणारी मुलं, लग्नात अक्षता पडतानाची घाई, किंवा वय झाल्यावर मंद झालेली नजर, अशा ठिकाणी ऑटोफोकसने खरंच काम सोपं केलं. ज्याचं पोट अशा कामावर होतं, त्याने नवीन बॉडी घेतली तर ते योग्यच होतं.

पण या नव्या बॉडीवर मिनोल्टाच्या जुन्या लेन्स बसत नव्हत्या. जोडणीचा भागच कंपनीने बदलला होता. १९८७ साली कॅननने ईओएस नावाची मालिका काढली तेव्हाही तसंच झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं पैसे साठवून चार-पाच लेन्स जमवल्या होत्या, ते चिडले. बॉडीची किंमत दिसत होती एक, आणि खरा खर्च होता बॉडी अधिक सगळ्या लेन्स. निकॉनने मात्र १९५९ ची जोडणी सोडली नाही. मधल्या काळात तिच्यात बदल झाले, काही फार जुन्या लेन्सना थोडं काम करून घ्यावं लागलं, पण जमवलेलं सामान भंगारात गेलं नाही.

पिको-फॉलचं मशीन असो की शेवयांचं, साचे, पाते, पट्टा जुनेच चालतील का, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. ते आपण विचारायचं असतं.

आपल्याकडचे कॅमेरे

आपल्या देशात एक काळ परदेशी कॅमेरा मिळणंच कठीण होतं. आयातीवर बंधनं होती, जकात भारी होती. मध्यमवर्गीय घरात अग्फा क्लिक थ्री असायचा. काळी पेटी, ऊन आणि ढग अशा खुणा, एका रोलमध्ये बारा फोटो. रोल देशातच मिळावा म्हणून सरकारने तमिळनाडूत उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. तिच्या मालाचं नाव होतं इंदू.

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी एकच फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या फॉर्मचा फोटो, मुलगी दाखवायचा फोटो, म्हाताऱ्या माणसाचा भिंतीवर लावायचा फोटो, सगळे तिथेच निघायचे. स्टुडिओवाल्या काकांकडे जुना याशिका होता. त्यावरची कातडी ठिकठिकाणी निघालेली. पण मागच्या पडद्याचा रंग ते दर दिवाळीला नवा द्यायचे आणि दिव्यांची जागा मनासारखी होईपर्यंत हलवत बसायचे. गावातल्या कित्येक घरांत आजीचा जो एकमेव फोटो आहे, तो त्या याशिकाचा आहे.

जुनी बॉडी कायम चालते असं मात्र नाही. आत उजेड जाऊ नये म्हणून दारापाशी लावलेला स्पंज कुजतो आणि फोटोवर पांढरे पट्टे येतात. शटर मंदावतं आणि फोटो जास्त उजळ येतो. तेव्हा स्पंज बदलणं, तेल-सफाई करणं हा नव्या बॉडीपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय असायचा. दुरुस्तीही परवडेना किंवा सुटा भाग मिळेना, तेव्हा दुसरी बॉडी घ्यायची. पुष्कळ फोटोवाले तेव्हाही चांगल्या स्थितीतली वापरलेली बॉडीच घ्यायचे.

आणि रोलच संपला

गोष्टीचा शेवट कुणालाच आधी दिसला नाही. १९९६ साली एफ फाइव्ह घेणाऱ्याच्या हातात त्या काळातली सर्वांत भारी रोलची बॉडी होती. तीनच वर्षांनी, १९९९ साली, निकॉनची डी वन ही डिजिटल बॉडी आली. पुढच्या दहा वर्षांत धंदाच डिजिटलवर गेला. २००६ साली मिनोल्टाचं नाव चालवणारी कंपनी कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली. कोडॅकची कोडाक्रोम नावाची प्रसिद्ध फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं बंद करून मोकळी झाली. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणजे बघा, पेटी कितीही भारी असली तरी तिला लागणारा कच्चा माल आणि गिऱ्हाईक नसेल तर ती कपाटात पडते. उपयोगी राहिल्या त्या लेन्स, कारण निकॉनच्या पुष्कळ लेन्स नव्या डिजिटल बॉडीवर बसत होत्या. आणि उपयोगी राहिली ती उजेड ओळखणारी नजर.

आपल्या बैठकीसाठी पाच प्रश्न

रोलची नवीन बॉडी घेणं फायद्याचं होतं का? माझं उत्तर असं: ज्याचं काम जुन्या बॉडीमुळे अडलं होतं, त्याच्यासाठी होतं. बाकीच्यांचे पैसे लेन्सवर, रोलवर, दुरुस्तीवर आणि हात बसण्यावर जास्त चांगले लागले असते. हा इतिहास समोर ठेवून नवीन मशीनचा अर्ज आला की आपण पाच प्रश्न विचारू या.

पहिला, जुन्या मशीनमुळे नेमकं कोणतं काम अडलं आहे? किती गिऱ्हाइकं परत गेली, ते तारखेसह वहीत लिहिलेलं आहे का? दुसरा, जुनं दुरुस्त होईल का, आणि किती रुपयांत? तिसरा, जुनं सामान नव्यावर बसेल का, की तेही नवीन घ्यावं लागेल? चौथा, वीज गेली किंवा बिघाड झाला तर दुरुस्त करणारा जवळपास कोण आहे? पाचवा, लागणारा माल आणि गिऱ्हाईक कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत तरी टिकेल का?

पाचही उत्तरं पटली तर कर्जाचा ठराव खुशाल करा, घाबरू नका. लायका घेणाऱ्यांचंही भलंच झालं. उत्तरं पटली नाहीत, तर ताईला नुसतं नाही म्हणून घरी पाठवू नका. तेच पैसे कच्च्या मालाला, दुरुस्तीला किंवा प्रशिक्षणाला लहान कर्ज म्हणून देता येतात. आणि मशीन जुनं असो वा नवं, पावती अर्ज करणाऱ्या बाईच्याच नावाने झाली पाहिजे, एवढं बैठकीच्या वहीत नक्की लिहा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.